अनुभव माणसाबरोबर निवृत्त व्हायलाच हवा का?

‘अनुभव अपलोड होत नाही’ असं अलीकडे निरोप समारंभांत आणि व्यवस्थापनावरच्या व्याख्यानांत सारखं ऐकू येतं. त्यामागचा युक्तिवाद थोडक्यात असा : कामाचं खरं ज्ञान हातात, कानात, नजरेत असतं. वर्षानुवर्षं सोबत काम करूनच ते एकाकडून दुसऱ्याकडे जातं. ते लिहून पोर्टलवर टाकलं, त्याचा व्हिडिओ केला, ग्रुपवर पाठवलं की हाती उरतं ते टरफल. तेव्हा संस्थांनी डिजिटल साधनांवर पैसा घालण्यापेक्षा जुन्या जाणत्यांच्या हाताखाली नव्यांना बसवावं. बाकीचं सगळं दिखाऊ.

हे म्हणणं मला मान्य नाही. त्यातली जाणत्यांबद्दलची आस्था खरी आहे आणि ती माझ्याही मनात आहे. पण या म्हणण्याचा परिणाम उलटा होतो. ट्रान्सफॉर्मरच्या आवाजावरून बिघाड ओळखणारा लाइनमन, बाळाचा रंग पाहून डॉक्टरांना बोलावून आणणारी परिचारिका, एसटीच्या आगारात उभा जन्म इंजिनं उघडणारा कारागीर यांचं ज्ञान शब्दांपलीकडचं आहे असं म्हटलं की त्यांचा गौरव केल्यासारखं वाटतं. प्रत्यक्षात त्यांना बोलायला, लिहायला, नोंदवायला जागा करून देण्याच्या जबाबदारीतून संस्था सुटते. अभियंत्याचं ज्ञान अहवालात जातं, डॉक्टरांचं शोधनिबंधात, अधिकाऱ्याचं परिपत्रकात. कारागिराचं मात्र हातातच राहावं आणि ५८व्या वर्षी त्याच्याबरोबर घरी जावं, हे आपण निसर्गनियम असल्यासारखं धरून चालतो.

विरोधकांच्या बाजूचे सर्वांत भक्कम पुरावे आधी मांडतो, कारण दुबळ्या मुद्द्यांना उत्तर देण्यात अर्थ नाही. मायकेल पोलान्यी या विचारवंताने १९६६ साली ‘द टॅसिट डायमेन्शन’ या पुस्तकात असं दाखवलं की माणसाला जे येतं ते सगळं त्याला सांगता येतंच असं नाही. सायकल चालवणाऱ्याला तोल कसा सावरतो हे विचारा, त्याला ते धड सांगता येणार नाही. पुढे हॅरी कॉलिन्स या ब्रिटिश समाजशास्त्रज्ञाने १९७४ साली एक अभ्यास प्रसिद्ध केला. कॅनडातल्या एका संरक्षण प्रयोगशाळेत तयार झालेला एक नवा लेझर ब्रिटनमधल्या प्रयोगशाळा आपापल्या जागी उभारू पाहत होत्या. कॉलिन्सला आढळलं ते असं की नुसत्या छापील माहितीच्या आधारावर एकाही प्रयोगशाळेला तो चालवता आला नाही. ज्यांना जमलं त्यांचा आधी जमलेल्या कुणाशी तरी प्रत्यक्ष संबंध आलेला होता. भेटी झाल्या होत्या, फोनवर बोलणं झालं होतं, माणसांची ये-जा झाली होती.

हा पुरावा मी शंभर टक्के स्वीकारतो. आता त्यातून निघतं काय ते पाहू. कागद पुरला नाही, संपर्क लागला. संपर्कात असं काय होतं जे कागदात नव्हतं? उलटा प्रश्न विचारण्याची सोय होती. ‘तुम्ही म्हणता तसं केलं, तरी ठिणगीच पडते, आता काय?’ असं विचारता येत होतं आणि ज्याला विचारलं त्याला आपलं यंत्र तपासून उत्तर देता येत होतं. डिजिटल साधनांवर टीका करणारे नेमकं इथंच चुकतात. त्यांच्या डोळ्यांसमोर डिजिटल म्हणजे पीडीएफ असते, छापील पुस्तिकेची पडद्यावरची नक्कल. तिच्याबद्दल ते जे बोलतात ते बरोबरच आहे. पण उलटा प्रश्न विचारण्याची सोय अंतर ओलांडून करून देणं, हे काम डिजिटल साधनांइतकं दुसऱ्या कशालाही आजवर जमलेलं नाही.

ज्या कंपनीचं नाव आपण कुठल्याही छायाप्रतीला देऊन टाकलं त्या झेरॉक्स कंपनीतली हकीकत या वादात फार मोलाची आहे. दोन्ही बाजूंचे लोक ती अर्धीच सांगतात, म्हणून इथं सविस्तर सांगतो.

ज्युलियन ऑर हा मानववंशशास्त्रज्ञ झेरॉक्सच्या पालो आल्टो इथल्या संशोधन केंद्रात काम करत होता. १९८०च्या दशकात त्याने कंपनीच्या दुरुस्ती तंत्रज्ञांसोबत फिरून त्यांच्या कामाचा अभ्यास केला. तो १९९६ साली ‘टॉकिंग अबाउट मशीन्स’ या पुस्तकाच्या रूपाने प्रसिद्ध झाला. कंपनीची समजूत अशी होती की यंत्रावर बिघाडाचा जो क्रमांक दिसतो तो पाहायचा, पुस्तिकेत त्या क्रमांकाखाली दिलेल्या पायऱ्या एकेक करून चढायच्या, की यंत्र दुरुस्त. ऑरला दिसलं ते वेगळंच. पुस्तिका लिहिणाऱ्यांनी ज्याची कल्पनाच केली नव्हती असे बिघाड रोज समोर येत होते. यंत्र दाखवायचं एक आणि बिघडलेलं असायचं दुसरंच. अशा वेळी तंत्रज्ञ एकमेकांना गोष्टी सांगायचे. सकाळच्या नाश्त्याला, जेवणाच्या टेबलावर, बंद पडलेल्या यंत्रासमोर तासन् तास उभं राहून ‘मागे एकदा असंच झालं होतं, तेव्हा...’ अशा गोष्टी जुळवत ते दोषापर्यंत पोहोचायचे. पुस्तिकेच्या बाहेरचं सगळं ज्ञान या गप्पांत होतं, आणि वरिष्ठांच्या हिशेबात या गप्पा म्हणजे वेळेचा अपव्यय होता.

‘अनुभव अपलोड होत नाही’ म्हणणारे ही हकीकत इथवर सांगतात आणि थांबतात. माणसं, गप्पा, नाश्त्याचं टेबल. बघा, यंत्र कुठंच नाही. पण हकीकत पुढे जाते.

पालो आल्टोच्या संशोधकांनी आधी कृत्रिम बुद्धिमत्तेची एक प्रणाली बनवली, जी यंत्राच्या रचनेवरून बिघाडाचं कारण शोधून देईल. तंत्रज्ञांनी ती पाहिली, कौतुक केलं आणि सांगितलं की आमच्या उपयोगाची नाही. रचनेवरून जे कळतं ते आम्हाला येतंच. आम्ही अडतो ते रचनेत नसलेल्या गोष्टींपाशी, म्हणजे झिजलेल्या, दमट हवेत राहिलेल्या, कुणीतरी अर्धवट दुरुस्त केलेल्या यंत्रापाशी. संशोधकांनी हे ऐकून घेतलं, ही या प्रकरणातली मला सर्वांत आदर वाटणारी बाब आहे. त्यांनी आपली प्रणाली बाजूला ठेवली आणि फ्रान्समधल्या तंत्रज्ञांबरोबर बसून दुसरी आखली. तिचं नाव युरेका. इंटरनेट घरोघरी पोहोचण्यापूर्वी फ्रान्समध्ये टेलिफोनच्या तारेवर चालणारं मिनिटेल हे जाळं होतं, त्यावरून ती सुरुवातीला चालली.

युरेकाचा ढाचा अगदी साधा होता. तंत्रज्ञाने आपल्याला सापडलेली युक्ती लिहायची : लक्षण काय, कारण काय, खात्री कशी करायची, उपाय काय. ती लगेच सर्वांसाठी खुली होत नसे. त्याच व्यवसायातले अनुभवी लोक ती तपासत, लिहिणाऱ्याशी बोलत, दुरुस्त करत आणि मगच पुढे पाठवत. युक्तीखाली लिहिणाऱ्याचं नाव असे. मोबदला द्यावा का, असा प्रश्न आला तेव्हा तो देऊ नये असं खुद्द तंत्रज्ञांच्या बाजूनेच ठरलं. पैसे दिले तर संख्या वाढेल आणि दर्जा घसरेल, त्यापेक्षा नाव असू द्या. नंतर एकदा ब्राझीलमधला एक तंत्रज्ञ ग्राहकाचं सतत बिघडणारं रंगीत छपाईचं मोठं यंत्र बदलून द्यायला निघाला होता. यंत्राची किंमत ४०,००० डॉलरच्या घरात. त्याला युरेकावर कॅनडातल्या मॉन्ट्रिअलच्या एका तंत्रज्ञाची युक्ती सापडली आणि ५० सेंट किमतीचा एक जोड बदलून यंत्र चालू झालं. जॉन सीली ब्राउन आणि पॉल दुगिड या दोन अभ्यासकांनी युरेकामुळे कंपनीचे सुमारे १० कोटी डॉलर वाचल्याचा अंदाज नोंदवला आहे.

नाश्त्याच्या टेबलावर मॉन्ट्रिअलचा माणूस आणि ब्राझीलचा माणूस एकत्र बसले असते का? हा माझा विरोधकांना सरळ प्रश्न आहे. गप्पांमधली गोष्ट युरेकावर चढली तेव्हा तिचा काही रंग गेला असेल, सांगणाऱ्याचे हातवारे गेले असतील. पण तिचा गाभा अंतर ओलांडून गेला. कारण ज्याने यंत्र उघडलं त्यानेच ती लिहिली होती, ज्याला यंत्र कळतं त्याने ती तपासली होती आणि जो ती वाचत होता त्याचेही हात त्याच प्रकारच्या शाईने भरलेले होते. सांगता न येणारं ज्ञान असतं, हे खरं. पण सांगता येण्यासारखं असूनही कुणी विचारलं नाही म्हणून न सांगितलेलं ज्ञान त्याच्या कितीतरी पट असतं, आणि पोलान्यीचं नाव घेऊन आपण या दोहोंची गल्लत करतो.

ज्ञान सोबतीनेच जातं असं म्हणणारे हमखास देतात ते आणखी एक उदाहरण जपानचं आहे. मात्सुशिता कंपनीला घरगुती पाव बनवणारं यंत्र नीट जमत नव्हतं. पीठ बाहेरून करपायचं, आत कच्चं राहायचं. इकुको तानाका ही कंपनीतली अभियंता ओसाका इंटरनॅशनल हॉटेलच्या मुख्य पाववाल्याकडे शिकायला गेली आणि तो पीठ ताणताना त्याला एक पीळ देतो हे तिच्या लक्षात आलं. गोष्ट सहसा इथं संपवतात. पण तानाका पाववाली व्हायला गेली नव्हती. तो पीळ पाहून तिने आणि सहकाऱ्यांनी यंत्राच्या आत खास कंगोरे बसवले, मापं लिहिली, आणि ते यंत्र १९८७ साली बाजारात आलं. हाताखाली बसणं ही पहिली पायरी होती. तिथंच थांबली असती तर तो पीळ आणखी एका हातात गेला असता, एवढंच.

आता वैद्यकाकडे वळतो. तिथं चूक झाली तर जीव जातो, म्हणून पुरावा मागण्याची शिस्तही कडक आहे. पुण्याच्या सशस्त्र सेना वैद्यकीय महाविद्यालयातून शिकलेले डॉ. संजीव अरोरा अमेरिकेतल्या न्यू मेक्सिको राज्यात यकृताच्या विकारांचे तज्ज्ञ होते. राज्य अवाढव्य, वस्ती विरळ, हेपटायटिस सीचे रुग्ण हजारोंनी. त्या काळचे उपचार महिनोन् महिने चालायचे, त्यांचे दुष्परिणाम तीव्र असायचे, त्यामुळे खेड्यातले डॉक्टर त्याला हात लावायला धजत नसत. अरोरांकडे वेळ मिळायला रुग्णांना महिने लागत. २००३ साली त्यांनी ‘प्रोजेक्ट एको’ सुरू केला. खेड्यापाड्यांतले आणि तुरुंगातले डॉक्टर आठवड्यातून एकदा पडद्यावर एकत्र यायचे. प्रत्येकाने आपला खराखुरा रुग्ण मांडायचा, नाव न घेता. तज्ज्ञ प्रश्न विचारणार, इतर डॉक्टर प्रश्न विचारणार, आणि उपचार मात्र गावातला डॉक्टरच करणार. तज्ज्ञ त्या रुग्णाला हातही लावणार नाही.

२०११ साली ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये याचे निष्कर्ष आले. एकूण ४०७ रुग्ण. विद्यापीठाच्या तज्ज्ञ दवाखान्यात उपचार घेतलेल्या १४६ जणांपैकी ५७.५ टक्के बरे झाले. २१ बाहेरच्या ठिकाणी गावातल्या डॉक्टरांनी उपचार केलेल्या २६१ जणांपैकी ५८.२ टक्के. गंभीर दुष्परिणाम विद्यापीठात १३.७ टक्के रुग्णांना झाले, गावांत ६.९ टक्के. म्हणजे विशेषज्ञाचा विवेक, कुठली मात्रा कधी कमी करायची, रक्तातल्या कुठल्या आकड्याला घाबरायचं आणि कुठल्याला नाही हे सगळं पडद्यावरून गेलं, आणि चांगलं गेलं. हे गुरुजवळ बसणंच आहे. फरक इतका की दर आठवड्याला वीस ठिकाणचे शिष्य एकाच वेळी बसतात आणि एकाला पडलेला प्रश्न बाकीच्यांच्याही उपयोगी पडतो.

गुरूचा विषय निघालाच आहे तर त्याबद्दल स्पष्ट बोलायला हवं, कारण ‘अपलोड होत नाही’ या विधानाची सारी भावनिक ताकद आपल्याकडे गुरु-शिष्य परंपरेतून येते. त्या परंपरेत शिष्य कोण होऊ शकत होतं? विष्णु नारायण भातखंडे गावोगावच्या उस्तादांकडून चिजा गोळा करत होते तेव्हा कित्येक बंदिशी घराण्याच्या तिजोरीत होत्या. खास चीज मुलाला द्यायची, फार तर जावयाला, गंडा बांधलेल्या शिष्यालाही राखूनच. भातखंड्यांनी त्या मिळवल्या, स्वरलिपीत उतरवल्या आणि ‘क्रमिक पुस्तक मालिके’च्या सहा भागांत छापल्या. तेव्हाही हाच आक्षेप होता की कागदावरून गाणं येत नाही. बरोबर आहे, गायकी कागदावरून येत नाही. भातखंड्यांनी तसा दावा केलाही नव्हता. पण ज्याच्या घरात कुणी गाणारं नव्हतं अशा मुलाला, ज्या मुलीला कुठलाही उस्ताद समोर बसवणार नव्हता तिला, बंदिशीचा शब्द आणि स्वर हाती मिळाला. तिला शिकवणाऱ्या साध्या शिक्षकालाही मिळाला. तालमीची गरज संपली नाही; तालमीच्या दारावरचा पहारा मात्र सैल झाला.

कामाच्या ठिकाणी हा पहारा आजही आहे. ज्येष्ठ कारागीर शिकवतो कुणाला? जो आवडतो त्याला. आवडतो तो बहुधा आपल्या गावाकडचा असतो, आपल्या जातीचा असतो, सुट्टी झाल्यावर चहाच्या टपरीवर सोबत थांबणारा असतो. नव्याने भरती झालेली मुलगी त्या टपरीवर थांबत नाही. कंत्राटी कामगार दर अकरा महिन्यांनी बदलतो, त्याला कोण कशाला काय सांगेल? ज्ञान केवळ सहवासातून जावं असा आग्रह धरणाऱ्यांनी हा सहवास कुणाच्या वाट्याला येतो ते एकदा नीट पाहावं. लिहिलेली, बोललेली, चित्रित केलेली, सर्वांना शोधता येणारी नोंद ही ज्यांना कुणी हाताखाली घेत नाही त्यांच्यासाठी हक्काची जागा आहे. माझ्या लेखी डिजिटल साधनांचं हे सर्वांत मोठं समर्थन आहे. वेळ आणि पैसा वाचतो ही त्यानंतरची गोष्ट.

आता दुसऱ्या बाजूला वळतो. ‘अपलोड होत नाही’ म्हणणाऱ्यांना बळ कुठून मिळतं? ते मिळतं अपलोड करवून घेणाऱ्यांकडूनच. अमेरिकेच्या नासाकडे मोहिमांतून शिकलेले धडे साठवण्याची एक प्रणाली कित्येक वर्षं होती. २०१२ साली नासाच्याच महानिरीक्षकांच्या कार्यालयाने तिची तपासणी केली आणि निष्कर्ष काढला की प्रकल्पप्रमुख तिच्यात क्वचितच काही पाहतात आणि क्वचितच काही घालतात. संगणकशास्त्राची कमतरता नासाकडे नक्कीच नव्हती. युरेका आणि ही प्रणाली दोन्ही म्हणजे शोधता येणाऱ्या नोंदींचे संग्रहच. पण एक तंत्रज्ञांनी स्वतःच्या अडचणीतून घडवला, दुसरा मोहीम संपल्यावरचं कर्तव्य म्हणून भरला जात होता.

आपल्याकडे तर मोजमापाची ओढ फारच जबर आहे. केंद्र सरकारने सप्टेंबर २०२० मध्ये मिशन कर्मयोगीला मंजुरी दिली, त्यातून आयगॉट हे सरकारी कर्मचाऱ्यांचं शिक्षणाचं व्यासपीठ उभं राहिलं. ऑक्टोबर २०२४ मध्ये राष्ट्रीय शिक्षण सप्ताह झाला तेव्हा प्रत्येक कर्मचाऱ्याने किमान ४ तास शिकावं असं उद्दिष्ट ठरवलं गेलं. तलाठ्यापासून सचिवापर्यंत सगळ्यांना एकाच ठिकाणी शिकता येणं ही चांगली गोष्ट आहे आणि तिची टवाळी करणाऱ्यांत मी नाही. पण तासांत मोजलेलं शिक्षण तास भरून मिळतं. ज्या तलाठ्याने पुरानंतरचे पंचनामे गावात भांडणं न होऊ देता पार पाडले त्याने आपली रीत इतर तलाठ्यांसाठी मांडली, तीन जिल्ह्यांतल्या तलाठ्यांनी ती वापरून पाहिली आणि त्यात दुरुस्त्या सुचवल्या, तर याची मोजणी कुठल्या रकान्यात होणार? व्यासपीठ असूनही तिथं शिकवणारे आणि शिकणारे असे दोन वर्ग पडले, तर तो जुना वर्गच पडद्यावर भरला.

याहून झोंबणारं उदाहरण अंगणवाडीचं आहे. ऑगस्ट २०२१ मध्ये महाराष्ट्रातल्या अंगणवाडी सेविकांनी सरकारने दिलेले मोबाइल परत करण्याचं आंदोलन केलं. फोन जुनाट, सारखे बंद पडणारे. त्यात भरायचं पोषण ट्रॅकर हे ॲप इंग्रजीत. गावातल्या साध्यासुध्या बायकांना हे तंत्रज्ञान नको आहे, असा अर्थ काहींनी लावला. हा अर्थ धादांत चुकीचा आहे. चांगला फोन द्या आणि ॲप मराठीत द्या, अशी त्यांची मागणी होती. तंत्रज्ञान नको असणारा माणूस अशी मागणी करत नाही. माझा आक्षेप त्याच्याही पुढचा आहे. ते ॲप आखलंच आहे ते माहिती खालून वर पाठवण्यासाठी : वजन, उंची, हजेरी, आहार. अतितीव्र कुपोषित बाळाला पोषण पुनर्वसन केंद्रात दाखल करायला घरचे तयार नसताना सासूला कसं वळवलं, शेतावर जाणाऱ्या आईची दिवसाची मजुरी बुडणार त्यावर काय तोड काढली, हे प्रत्येक सेविकेला कुठं ना कुठं सापडलेलं असतं. मेळघाटातल्या सेविकेची ही तोड नंदुरबारच्या सेविकेपर्यंत न्यायला तिच्या हातातलं यंत्र पुरेसं आहे. ते यंत्र तिच्याकडून आकडे घेतं आणि तिचं शहाणपण तिच्यापाशीच ठेवतं. हा दोष यंत्राचा म्हणणाऱ्यांनी ते कुणी आखलं आणि कुणाला विचारून आखलं ते पाहावं.

एक अडचण मात्र मी टाळणार नाही, कारण ती माझ्याच बाजूला टोचते. सातारा जिल्ह्यातल्या कुमठे बीटमधल्या शाळांत ज्ञानरचनावादी पद्धतीने चाललेलं काम पाहायला महाराष्ट्रभरातून शिक्षक येत. २२ जून २०१५च्या शासन निर्णयाने ‘प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र’ कार्यक्रम सुरू झाला आणि शिक्षकांचे व्हॉट्सअ‍ॅप गट गावोगाव झाले. वर्गाच्या फरशीवर आखलेल्या तक्त्यांचे, शब्दांच्या आणि अंकांच्या खेळांचे फोटो एका शाळेतून शंभर शाळांत गेले. कित्येक ठिकाणी फरशी रंगली आणि शिकवणं होतं तसंच राहिलं. फोटो गेला, त्यामागचा विचार गेला नाही. विरोधकांना वाटेल, हेच तर आम्ही म्हणत होतो.

पण मी त्याच शिक्षकांकडे पाहतो तेव्हा आणखीही काही दिसतं. ज्या शिक्षकांनी फोटो पाहून प्रश्न विचारले, ‘माझ्याकडे चार इयत्ता एका खोलीत आहेत, मी फरशी कशी विभागू’, आणि ज्यांना कुणी उत्तर दिलं, ‘असं करून बघ आणि मुलांचं काय होतं ते कळव’, त्यांच्या वर्गात शिकवणंही बदललं. फोटो आणि संवाद एकाच फोनवरून जातात. फोटो पाठवल्याची नोंद वरिष्ठांना दाखवता येते, संवादाची दाखवता येत नाही. म्हणून फोटोंचा पूर आला. केंद्रस्तरावरच्या शिक्षण परिषदेत शिक्षकाने आपल्या वर्गातली एक फसलेली तासिका मांडावी, त्यावर चर्चा व्हावी, ती पुढे गटावर चालू राहावी, यासाठी नवं काहीच विकत आणावं लागत नाही. फसलेलं मांडल्यावर नोटीस येणार नाही एवढी खात्री द्यावी लागते. ती खात्री देणं कुठल्याही सॉफ्टवेअरला शक्य नाही. ते शिक्षणाधिकाऱ्याचं काम आहे.

आता हा वाद नव्या वळणावर आला आहे आणि इथं जुन्या आक्षेपकांनाही आपली जागा बदलावी लागेल. एरिक ब्रिन्योल्फसन, डॅनिएल ली आणि लिंडसे रेमंड या अर्थतज्ज्ञांनी २०२३ साली एक अभ्यास मांडला. एका कंपनीतल्या ग्राहकसेवेच्या ५,०००हून अधिक कर्मचाऱ्यांपैकी काहींना कृत्रिम बुद्धिमत्तेचा मदतनीस देण्यात आला. ग्राहकाशी गप्पा चालू असताना तो उत्तर सुचवायचा. तासाला सुटणाऱ्या तक्रारी सरासरी १४ टक्क्यांनी वाढल्या. नवख्यांच्या बाबतीत ३४ टक्क्यांनी. जुन्या, निष्णात कर्मचाऱ्यांना जवळपास काहीच फायदा झाला नाही. कारण उघड आहे : त्यांचं बोलणं ऐकूनच तो शिकला होता. त्यांची शब्दांची निवड, चिडलेल्या माणसाला शांत करण्याची पद्धत, आधी कुठला प्रश्न विचारायचा याचं भान हे सगळं त्याने उचललं आणि नव्यांना दिलं. अधूनमधून तो मदतनीस बंद पडायचा, तेव्हाही ज्यांनी तो वापरला होता ते आधीपेक्षा वेगाने काम करत राहिले, म्हणजे काही ना काही शिकले होते.

‘अनुभव अपलोड होत नाही’? इथं तर अनुभवी माणसाने बटणही न दाबता अनुभव अपलोड झाला आहे. त्याला कुणी विचारलं नाही, आपण शिकवतो आहोत हे त्याला धड माहीतही नसावं, आणि अशा योगदानाचा मोबदला त्याला मिळत नाही हा मुद्दा खुद्द त्या अभ्यासकांनीच उपस्थित केला आहे. युरेकावरच्या युक्तीखाली तंत्रज्ञाचं नाव होतं, ती चुकली तर त्याला दुरुस्त करता येत होती, आणि तपासणारा त्याच्याच व्यवसायातला होता. नव्या मदतनिसाच्या सल्ल्याखाली कुणाचंच नाव नाही. तो सल्ला चुकला तर जाब कुणाला विचारायचा, आणि बरोबर आला तर आभार कुणाचे मानायचे?

म्हणून मला वाटतं की जाणत्यांच्या बाजूने उभं राहू पाहणाऱ्यांनी ‘हे होऊच शकत नाही’ असं म्हणणं आता थांबवावं. होऊ शकतं, होतं आहे, आणि त्यांच्या या म्हणण्याच्या आडोशाने ते जाणत्यांना न विचारता होईल. ती ताकद त्यांनी दुसरीकडे लावावी. बँकांत, वीज कंपन्यांत, रुग्णालयांत, शासकीय कचेऱ्यांत असे मदतनीस आणण्याचे करार यापुढे होत राहतील. त्या करारांच्या वाटाघाटीत कामगार संघटना बसली पाहिजे. कुणाच्या नोंदी आणि संभाषणं वापरली ते त्या त्या माणसाला सांगितलंच पाहिजे. सल्ला तपासण्याचा आणि बदलण्याचा अधिकार त्या कामातल्या माणसांकडे राहिला पाहिजे. आणि नव्याला शिकवण्यासाठी, लिहिण्यासाठी, दुसऱ्याची नोंद तपासण्यासाठी लागणारा वेळ ड्यूटीत धरला गेला पाहिजे, घरी गेल्यावरचा नव्हे. पुढच्या वेतनवाढीच्या चर्चेत यातला शेवटचा मुद्दा जरी एखाद्या आगाराने किंवा रुग्णालयाने लेखी मिळवला, तरी तिथला कारागीर आणि तिथली परिचारिका आपल्याला येतं ते स्वतःच्या नावानिशी पुढे द्यायला लागतील.